टेक्सासच्या काउंटी कोर्टात मेव्हण्याची डीडब्ल्यूआय केस: माझा अनुभव

आधीच सांगतो, अटक मला झाली नव्हती, मेव्हण्याला झाली होती. पण बाँड (म्हणजे जामीन) भरणं, वकील शोधणं, दर तारखेला त्याला गाडीत घालून नेणं आणि सांगलीला सासूबाईंना किती सांगायचं आणि किती नाही हे ठरवणं, हे सगळं माझ्याच गळ्यात पडलं. त्याला विचारूनच लिहितोय. आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहतो, तो एच-वन-बीवर (इथल्या नोकरीच्या व्हिसावर) आहे, टीमच्या पार्टीवरून रात्री घरी येताना गाडी लेन सोडून गेली म्हणून पोलिसांनी थांबवलं, तोंडाला वास आला, रस्त्याच्या कडेला सरळ रेषेत चालायला लावलं आणि मग थेट बेड्या. चार्ज डीडब्ल्यूआय, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणे.

जेलमधून फोन येतो तेव्हा आधी रेकॉर्डेड आवाज सांगतो की हा कॉल रेकॉर्ड होतोय. लोक ते ऐकतात आणि विसरतात. हा पण लगेच सुरू झाला, "दाजी, मी फक्त..." आणि मी तिथेच तोडलं, म्हटलं तू जेवलास का एवढंच सांग. मराठीत बोललं की कुणाला कळणार नाही असं समजू नका, सरकारी वकिलाला ट्रान्सलेटर मिळायला वेळ लागत नाही. आणि एक, अटक झाली की मोबाईल काढून घेतात, नंबर पाठ असतील तरच फोन लागतो. याला माझा नंबर पाठ होता ते नशीब, बायकोचा नंबर मला स्वतःला पाठ नाहीये.

माणूस आधी शहराच्या जेलमध्ये असतो, मग काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) जेलमध्ये हलवतात, त्यामुळे एका ठिकाणी नाव सापडलं नाही तर घाबरू नका, काउंटी शेरीफच्या वेबसाइटवर नाव आणि जन्मतारीख टाकून शोधता येतं, फक्त नाव चढायला काही तास जातात. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे ४८ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. हे म्हणजे कोर्ट नव्हे, पाच मिनिटांचं काम असतं, बऱ्याच ठिकाणी व्हिडिओवरच होतं. चार्ज काय आहे ते सांगतात, गप्प बसायचा हक्क आहे, वकील मिळायचा हक्क आहे हे सांगतात, तुम्ही अमेरिकन नागरिक नाही म्हटल्यावर तुमच्या कॉन्सुलेटला कळवू का असं विचारतात (आपलं ह्यूस्टनला आहे, याने नको म्हटलं) आणि बाँडची रक्कम ठरवतात. इथे मी निर्दोष आहे वगैरे भाषण करायचं नसतं, ऐकणारा कुणी नसतो आणि बोललेलं मात्र सगळं राहतं.

आता बाँड. तीन प्रकार आहेत. एक, पूर्ण रक्कम स्वतः भरायची, केस संपली आणि सगळ्या तारखांना हजर राहिलात की परत मिळते. दोन, जेलच्या आसपास बेल बाँड लिहिलेली दुकानं असतात त्यांच्याकडे साधारण दहा टक्के द्यायचे, ते तुमच्या वतीने हमी घेतात, पण ते दहा टक्के गेले ते गेलेच, नंतर केस डिसमिस झाली तरी. तीन, पर्सनल बाँड, पैसे न भरता सहीवर सोडतात, पण तो मिळेलच असं नाही. माझ्याकडे सेव्हिंगमध्ये होते म्हणून मी पूर्ण भरले. पैसे भरले की माणूस लगेच बाहेर येतो असं मात्र नाही, मी दुपारी भरले आणि तो अंधार पडल्यावर आला, बुटाच्या लेस आणि पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. गाडी टो करून नेलेली, तिचं भाडं रोज वाढत असतं, ती आधी सोडवा.

घरी आल्यावर सगळ्यांना वाटलं चला सुटला, आता तारीख येईल तेव्हा बघू. आपल्याकडे जामीन झाला की अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटतं ना, तसं. पण त्याच्या पिशवीत एक घडी घातलेला कागद होता, तो खरा महत्त्वाचा. याने श्वासाची टेस्ट नाकारली होती (मग पोलिसांनी जजकडून वॉरंट काढून रक्त घेतलं) आणि टेस्ट नाकारली की लायसन्स १८० दिवसांसाठी सस्पेंड होतं. लायसन्स पोलिसाने तिथेच घेतलं होतं आणि त्या कागदावर ४० दिवस गाडी चालवता येते. पण नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सुनावणी मागितली नाही तर ४० दिवसांनंतर सस्पेन्शन आपोआप लागू. ही सुनावणी क्रिमिनल केसमध्ये होत नाही, ती वेगळीच, प्रशासकीय जजसमोर, कोर्टातली केस डिसमिस झाली तरी इथे वेगळा हिशोब चालू असतो. डॅलसजवळच्या फ्रिस्कोसारख्या उपनगरात राहणाऱ्याला गाडीशिवाय ऑफिसला जाणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. वकिलाने पहिलं काम हेच केलं, सुनावणी मागितली, आणि तिचा दुसरा फायदा असा की अटक करणाऱ्या पोलिसाला शपथेवर प्रश्न विचारायची संधी मिळू शकते, ते पुढे केसमध्ये कामाला येतं. शेवटी सस्पेन्शन लागलंच, मग कामापुरती गाडी चालवायचं ऑक्युपेशनल लायसन्स कोर्टाकडून काढलं, त्यासाठी एसआर-२२ नावाचा इन्शुरन्सचा कागद लागतो आणि प्रीमियम असा वाढतो की डोळे पांढरे होतात.

वकील. सरकारी वकील... म्हणजे आरोपीच्या बाजूने कोर्ट नेमून देतं तो वकील, पैसे नसतील तर तो हक्काने मिळतो, स्टुडंट व्हिसावरच्या मुलांनी लाजू नये, मागावा. एच-वन-बीच्या पगाराला तो सहसा मिळत नाही. आम्ही त्याच काउंटीत रोज उभा राहणारा वकील घेतला, डॅलस डाउनटाउनचा चकाचक ऑफिसवाला नाही. आणि त्याच्याबरोबर एक इमिग्रेशनचा वकील वेगळा. हा खर्च वाचवायचा मोह होतो पण वाचवू नका. २०१० साली पाडिला विरुद्ध केंटकी या केसमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नागरिक नसलेल्या आरोपीला गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका काय आहे हे त्याच्या वकिलाने सांगितलंच पाहिजे, पण सांगणारा माहितगार पाहिजे ना. बाकी व्हॉट्सअॅपवर लोक छातीठोक सांगत होते की पोलिसांनी मिरांडाचे हक्क (गप्प बसायचा, वकील मिळायचा वगैरे) वाचून दाखवले नाहीत ना, मग केस उडाली समज. नाही उडत. कोठडीत प्रश्न विचारून मिळवलेली उत्तरं बाद होऊ शकतात, केस नाही.

मग बरेच दिवस काहीच नाही. कोर्टाचं पत्र नाही, काही नाही, मेव्हणा म्हणायला लागला बहुतेक विसरले. विसरत नाहीत. रक्ताचा रिपोर्ट लॅबमधून यायला वेळ लागतो आणि असल्या छोट्या गुन्ह्याची केस दाखल करायला सरकारकडे दोन वर्षं असतात. पत्र बाँडवर दिलेल्या पत्त्यावर येतं, त्यामुळे मधे अपार्टमेंट बदललं तर आधी वकिलाला आणि क्लार्कला कळवा, पत्र मिळालं नाही ही सबब चालत नाही, तारखेला नाही गेलात तर वॉरंट निघतं आणि बाँडचे पैसे जप्त.

त्या शांततेच्या काळातच मोठा धक्का बसला. भारतातल्या कॉन्सुलेटकडून ईमेल, तुमचा व्हिसा रद्द करण्यात आलाय. कोर्टात एकदाही उभा राहिला नव्हता, दोषी वगैरे तर लांबच. अटकेच्या वेळी बोटांचे ठसे घेतात ते फेडरल सरकारकडे जातात आणि २०१५ पासून परराष्ट्र खात्याचं धोरण असं आहे की डीयूआय (इतर राज्यांत याच गुन्ह्याला म्हणतात) किंवा डीडब्ल्यूआयची अटक झाली तर नुसत्या अटकेवरही पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करता येतो. रात्रभर घरात कुणी झोपलं नाही. सकाळी इमिग्रेशनवाल्या बाईंनी समजावलं की रद्द झालाय तो पासपोर्टवरचा स्टॅम्प, इथे राहायचं आणि काम करायचं स्टेटस त्यामुळे आपोआप जात नाही, फक्त देशाबाहेर पाऊल टाकलं की नवीन स्टॅम्पिंग लागणार आणि त्यात कॉन्सुलेटने ठरवलेल्या डॉक्टरकडे दारूच्या व्यसनाची तपासणी होणार. त्या दिवाळीला त्याचं सांगलीला जायचं तिकीट काढलेलं होतं. कॅन्सल केलं. सासूबाईंना सांगितलं प्रोजेक्ट आहे.

कोर्टाचं म्हणाल तर टेक्सासमध्ये दंडापुरते किरकोळ गुन्हे शहराच्या कोर्टात किंवा जस्टिस ऑफ द पीसकडे, मोठे गुन्हे डिस्ट्रिक्ट कोर्टात आणि मधले क्लास ए आणि क्लास बी हे काउंटी कोर्टात. पहिला डीडब्ल्यूआय क्लास बी, जास्तीत जास्त १८० दिवस जेल आणि २,००० डॉलर दंड, पण अल्कोहोल ०.१५ किंवा वर निघालं तर क्लास ए, म्हणजे एक वर्ष आणि ४,००० डॉलर. कायद्याची मर्यादा ०.०८. याचा रिपोर्ट मधे कुठेतरी आला, ०.१५ च्या खाली, तेव्हा वकिलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं. आणखी एक गंमत, इथला जज निवडणूक लढवून येतो, पक्षाच्या तिकिटावर, सरकारी वकिलांचा प्रमुख डिस्ट्रिक्ट अॅटर्नी पण तसाच. निवडणुकीच्या वर्षात रस्त्याच्या कडेला आमच्या जजसाहेबांच्या नावाची पाटी बघून मेव्हणा गाडीत एकदम सरळ बसला होता.

कोर्टाचा दिवस फार कंटाळवाणा असतो, हे कुणी आधी सांगत नाही. सकाळी लवकर जा, पार्किंग, मग एअरपोर्टसारखी तपासणी, मग बाकावर बसून राहा. फोन वाजला तर बेलिफ (कोर्टातला शिपाई-पोलीस) काढून घेतो. शेकडा नव्वद वेळ काही घडत नाही, वकील मंडळी सरकारी वकिलाच्या टेबलाभोवती घोळका करून फायली दाखवतात, सरकारी वकील बहुतेक कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली पोरं, मधेच आपला वकील येतो, कॉरिडॉरमध्ये बोलावतो, दोन वाक्यं सांगतो, एका कागदावर सही घेतो आणि म्हणतो, रीसेट झाली, पुढची तारीख अमुक. जजसमोर उभं राहायचा प्रसंगच येत नाही. पहिल्यांदा मला वाटलं वकील टाळाटाळ करतोय. नंतर कळलं की रीसेट म्हणजे वेळ, आणि त्या वेळात व्हिडिओ, रक्ताचा रिपोर्ट, पोलिसांच्या नोंदी सगळं मागवायचं असतं. हे कागद सरकारी वकिलाला द्यावेच लागतात, त्यामागे टेक्सासचा मायकल मॉर्टन कायदा आहे, २०१४ पासून लागू. बायकोच्या खुनाच्या आरोपात हा माणूस जवळजवळ २५ वर्षं जेलमध्ये होता, त्याच्या बाजूचा पुरावा दाबून ठेवलेला, डीएनएमुळे २०११ ला सुटला. त्याच्या भोगाचा फायदा आज आमच्यासारख्यांना मिळतो.

पोलिसाच्या बॉडीकॅमचा व्हिडिओ वकिलाच्या ऑफिसात बघितला. मेव्हणा फार झोकांड्या खात नव्हता, नीट बोलत होता, पण पाय उचलून मोजायला सांगितल्यावर दोनदा टेकला. वकील म्हणाला, ट्रायल लढता येईल, काउंटी कोर्टात सहा जणांची ज्युरी असते आणि सहाही जणांचं एकमत लागतं, पण रक्ताचा आकडा समोर असताना मी पैज लावणार नाही.

मग ऑफर आली. डीडब्ल्यूआय सोडून देतो, त्याऐवजी रस्त्यात अडथळा आणल्याचा क्लास बी गुन्हा कबूल कर, डिफर्ड अॅडज्युडिकेशनवर. म्हणजे कोर्ट दोषी ठरवत नाही, प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीचा काळ, नीट पार पडलं की केस डिसमिस. ऐकायला झकास. क्रिमिनल वकील खूष, म्हणाला रेकॉर्डवर कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, नाही. इमिग्रेशनवाल्या बाई म्हणाल्या, टेक्सासच्या हिशोबाने नाही, पण फेडरल इमिग्रेशन कायद्याच्या हिशोबाने गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने प्रोबेशनसारखं बंधन घातलं की ते कन्व्हिक्शनच, १९९६ पासून व्याख्याच तशी आहे. तरीही त्यांनी हो म्हटलं, कारण कोणता गुन्हा कबूल करतोय हे बघायचं असतं आणि त्यांच्या मते हा देशाबाहेर काढण्याइतपत गुन्हा नव्हता, ते त्यांनी लेखी दिलं. दुकानातल्या चोरीच्या केसमध्ये हाच हिशोब फार वाईट बसतो, बाहेरून ती किरकोळ वाटते तरी, म्हणून कुणाची केस बघून आपली ठरवू नका.

त्या दिवशी मात्र जजसमोर उभा राहिला. समजून उमजून कबूल करतोस का, कुणी जबरदस्ती केली का, नागरिक नसशील तर परिणाम होऊ शकतात हे माहितीये का, सगळ्याला येस युवर ऑनर. काही मिनिटांत संपलं.

प्रोबेशन म्हणजे दर महिन्याला ऑफिसरला भेटणं, फी भरणं, लघवीची तपासणी, बारा तासांचा डीडब्ल्यूआयचा क्लास, समाजसेवेचे तास. समाजसेवा त्याने फूड बँकेत केली, ती त्याला आवडली, अजून जातो. राज्याबाहेर जायचं तर परवानगी. सगळं पार पडलं, केस डिसमिसचा कागद आला. क्लार्ककडून त्याच्या शिक्का मारलेल्या प्रती भरपूर काढून ठेवा, कारण व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्मवर आणि ग्रीन कार्डच्या फॉर्मवर कधी अटक झाली का असा प्रश्न असतो, दोषी ठरलात का एवढाच नाही, आणि उत्तर हो असंच द्यायचं, केस मिटली किंवा सील झाली तरी. आता तो स्टॅम्पिंगची तयारी करतोय.

बाँडचे पैसे परत मागायला विसरू नका, चेक ज्याने पैसे भरले त्याच्या नावाने निघतो. माझा जुन्या घरी गेला होता, नवीन भाडेकरूने फोन करून सांगितलं.