फोर्कलिफ्टचा अपघात आणि नंतरची भरपाई: माझा अनुभव

फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या काट्यांवर माल उचलणारी गाडी, मागच्या चाकांवर वळते. काटे आत वळतात तेव्हा शेपटाकडचा भाग उलट्या बाजूला झपकन फिरतो. तीन टन माल उचलणाऱ्या मशीनचं स्वतःचं वजनच चार टनांच्या पुढे असतं. त्या भागात आणि रॅकच्या खांबात माझा पाऊल ते घोटा चिरडला गेला.

अशा दुखापतीत कातडी शाबूत असली तरी आत सूज वाढून रक्तपुरवठा तुटू शकतो. औषधाने न थांबणारी कळ, बोटं ताणल्यावर असह्य दुखणं, बधिरपणा यांतलं काही जाणवलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. त्यावरची शस्त्रक्रिया काही तासांत झाली नाही तर पाय गमवावा लागू शकतो.

पहिला कागद रुग्णालयातच तयार होतो आणि पुढचं सगळं त्यावर टिकतं. केस पेपरवर 'कामावर असताना फोर्कलिफ्टखाली पाय चिरडला' असं स्पष्ट यायला हवं आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर) नोंद व्हायला हवी. सोबत आलेल्या सुपरवायझरने 'पाय घसरून पडला' असं सांगितलं, तर ते खोडायला वर्षं जातात. घरच्यांपैकी कुणीतरी तिथे हजर राहावं, असं मी आग्रहाने सांगेन.

दुसरं काम पुराव्याचं. सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मशीनवरच्या क्षमतेच्या पाटीचा आणि अवर मीटरचा (मशीन किती तास चाललं ते दाखवणारा) फोटो, त्या दिवसाची तपासणी यादी, ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचा दाखला, मालाचं चलन हे सगळं मागावं. माल उचलताना अपघात झाला असेल तर पाटीवरची क्षमता आणि चलनावरचं वजन शेजारी ठेवलं की जास्त भार होता का ते कळतं.

मग प्रश्न येतो कोणता कायदा लागू हा. महिन्याचा पगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) २१,००० रुपयांच्या मर्यादेत असेल आणि आस्थापनेला योजना लागू असेल, तर तात्पुरत्या अपंगत्वात सुमारे ९० टक्के वेतन आणि कायमच्या अपंगत्वात दरमहा रक्कम ईएसआयकडूनच मिळते. मालकाकडे वेगळा दावा चालत नाही. माझा पगार त्या मर्यादेहून जास्त होता, म्हणून दावा कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ खाली गेला. (त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे अपघाताची तारीख आधी बघा.) ठेकेदाराच्या माणसासाठी मूळ मालकही जबाबदार असतो.

'तू तिथे उभाच का राहिलास' हा सूर मालकाच्या बाजूने शेवटपर्यंत होता. या कायद्यात साधा निष्काळजीपणा भरपाई अडवत नाही. नशेत असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम किंवा आदेश जाणूनबुजून मोडणं, संरक्षक साधन मुद्दाम काढणं, एवढेच बचाव आहेत. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तेही चालत नाहीत.

खरी लढाई टक्क्यांची असते. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत (यादीत) पायाचा अंगठा पूर्ण गेल्यास १४ टक्के, असे ठरलेले आकडे आहेत. चिरडलेला पण न कापलेला पाय त्यात बसत नाही. तिथे डॉक्टरांना कमाईची क्षमता किती घटली हे लिहावं लागतं, आणि ते अवयवाच्या अपंगत्वाच्या टक्क्यांपेक्षा वेगळं असतं. डावा हात गेलेल्या सुताराचं अपंगत्व सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पूर्ण मानलं, कारण त्या हाताविना त्याला सुतारकामच करता येणार नव्हतं. दिवसभर उभं राहून माल हलवणाऱ्याला निकामी घोट्याची किंमत कारकुनापेक्षा जास्त मोजावी लागते. डॉक्टरांना आपलं काम तपशीलवार सांगा: किती तास उभं राहणं, किती वजन, किती पायऱ्या.

हिशेब असा: महिन्याचं वेतन कमाल १५,००० धरायचं, त्याचे ६० टक्के ९,०००. वय पूर्ण ३० असल्यास वयानुसारचा गुणांक २०७.९८, म्हणजे पूर्ण अपंगत्वाला १८,७१,८२० रुपये. क्षमता ४० टक्के घटली तर ७,४८,७२८. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा मिळतो, म्हणून प्रत्येक बिल जपा. उपचार सुरू असताना दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या २५ टक्के देय असतात.

दरम्यान थोडी रक्कम पुढे करून 'पुढे कसलाही दावा नाही' असं लिहून मागतात. कायद्याचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो आणि तडजोड झालीच तर ती कर्मचारी भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते. महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

दावा दोन वर्षांच्या आत, अपघाताच्या ठिकाणच्या किंवा आपल्या राहत्या भागातल्या आयुक्तांकडे करता येतो. प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागू शकतं, तेव्हा येण्याची तयारी आहे का हे त्यांना आधीच विचारून ठेवा.