दुसरं टोक धर जरा

"अगं, दुसरं टोक धर जरा, खाली घसरतंय!"

आई फोटोंचं पुस्तक बघत होती. मैत्रिणीकडून चार दिवसांसाठी आणलेलं, छायाचित्रकार दयानिता सिंग यांचं ‘म्युझियम भवन’. २०१७ मध्ये जर्मनीच्या श्टाइडल प्रकाशनानं काढलेलं. एका डब्यात नऊ छोटी पुस्तकं, पण प्रत्येक म्हणजे घड्या घातलेली लांबच लांब पट्टी. उलगडून उभी केली की घरातच प्रदर्शन.

आईनं यंत्रांची पट्टी दिवाणावर पसरली, उशीपासून पायथ्यापर्यंत. सगळे फोटो कृष्णधवल. मग एक घडी दुमडून मधले दोन फोटो झाकले आणि लांबची दोन यंत्रं शेजारी आणली. "आता बघ. बोलताहेत एकमेकांशी." खरंच तसं वाटत होतं. चित्रांचा क्रम बघणाऱ्यानं लावायचा, हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

डबा बंद करताना म्हणाली, "इतकी वर्षं अशी पुस्तकं आणतेस, माझ्या हातात कधी दिली नाहीस."

ते वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. महागडी म्हणून आपण ही पुस्तकं वरच्या फळीवर, प्लॅस्टिकमध्ये ठेवतो. ग्रंथालयातही ती बहुधा कुलपातच.

आज चार पुस्तकं खाली काढून तिच्या दिवाणाजवळ ठेवलीत. तुमच्या वरच्या फळीवर काय आहे?