अंबोसेलीतली माकडं आणि त्यांची पिल्लं

केनियातल्या अंबोसेली या वन्यजीव उद्यानात लोक जातात ते हत्ती आणि किलिमांजारो बघायला. पहाटे ढग हटले आणि पलीकडे टांझानियाच्या हद्दीतला तो ५,८९५ मीटर उंच बर्फाळ माथा दिसला, तेव्हा तिथेच पैसे वसूल झाले. तरी मला खरी ओढ होती व्हर्वेट माकडांची. काळं तोंड, राखाडी-हिरवट अंग, लांब शेपूट. आपल्या वानरापेक्षा बरीच लहान. आमचा ड्रायव्हर त्यांना 'तुम्बिली' म्हणायचा आणि हत्ती सोडून ही काय बघतेय, याचं त्याला नवल वाटायचं.

याच भागातल्या टोळ्यांवर डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ या संशोधक जोडप्याने १९७७ पासून अनेक वर्षं काम केलं. बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी या माकडांचे धोक्याचे वेगवेगळे आवाज, म्हणजे इशारे असतात, हे संशोधक थॉमस स्ट्रुसेकर यांनी आधीच नोंदवलं होतं. चेनी आणि सेफार्थ यांनी पीटर मार्लर या संशोधकासोबत ते इशारे ध्वनिमुद्रित केले आणि लपवलेल्या स्पीकरवरून माकडांना ऐकवले. शत्रूचा पत्ता नसताना नुसत्या आवाजावर माकडं बिबट्यासाठी झाडावर चढली, गरुडासाठी वर बघत झुडपात शिरली, सापासाठी मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळू लागली. हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालं.

अंबोसेलीतल्याच ओल तुकाई या भागाजवळ पिवळ्या खोडाच्या बाभळींखाली आम्ही गाडी उभी केली. अगदी समोर एक पिल्लू होतं. जन्मतः पिल्लाचा चेहरा गुलाबी आणि अंग काळं असतं. याचा चेहरा आता काळवंडायला लागला होता. वरून एक करकोचा गेला आणि पिल्लाने खोकल्यासारखा तुटक आवाज काढला. जवळच्या दोन माद्यांनी मान वर केली, करकोचा बघितला आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. पिल्लू मात्र आईच्या पोटाला चिकटलं.

लहान पिल्लं गरुडाचा इशारा करकोच्याला देतात, कधी गळणाऱ्या पानालाही देतात. बिबट्याचा इशारा जमिनीवरच्या कुठल्याही जनावराला, सापाचा लांबट वस्तूलाही. म्हणजे आवाज पिल्लू बरोबर घेऊनच येतं, आकाशातला आणि जमिनीवरचा धोका हा ढोबळ फरकही त्याला कळतो. नेमकं कोणाला भ्यायचं, तेवढं अनुभवाने ठरत जातं. खराच गरुड असला तर मोठी माकडंही तोच इशारा देतात. करकोच्याला कोणी दाद देत नाही.

मोठी माकडं मुद्दाम शिकवतात असा पुरावा या जोडप्याला मिळाला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण सगळा भार पिल्लाच्या निरीक्षणावर येतो. इशारा ऐकून जी पिल्लं आधी मोठ्यांकडे बघत, त्यांचा प्रतिसाद बरोबर येण्याची शक्यता जास्त असे. तीन-चार महिन्यांचं पिल्लू बहुतेकदा नुसतं आईकडे धावतं. सहा-सात महिन्यांत ते मोठ्यांसारखं वागू लागतं.

तुम्ही गेलात तर सकाळची एक फेरी या बाभळींसाठी राखून ठेवा. ड्रायव्हरला आदल्या रात्रीच सांगा, नाहीतर तो थेट दलदलीकडे हत्तींपाशी नेतो.