बाबांसाठी जागा शोधताना मी काय काय बघायला शिकले

परवा लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलं, "अगं, तुझ्या बाबांना ठेवलंयस ते केअर होम कसं आहे गं? ह्यांना आता माझ्याच्याने उचलवत नाही." तेवढ्यात चौथा मजला आला, त्या उतरल्या, आणि मी फक्त "चांगलं आहे काकू, येते मी सांगायला" एवढंच बोलले. पण चांगलं म्हणजे काय हे कळायला मला दीड वर्ष लागलं आणि बाबांच्या पायाला एक जखम व्हावी लागली, म्हणून आता सगळं नीट लिहूनच काढते. काकूंना पाठवीन, आणखी कोणाला उपयोग झाला तर होऊ दे.

बाबा ७९ वर्षांचे, पार्किन्सन्स आहे, आई चार वर्षांपूर्वी गेली. दादा टोरंटोला, मी कोथरूडला, आम्ही दोघंही नोकरीवाले आणि मुलगी बारावीला. ब्युरोतून बाबांचं सगळं करायला एकामागून एक तीन मामा ठेवले, एक गावाला गेला तो आलाच नाही, एकाला जवळ दुसरं काम मिळालं, आणि तिसरा असताना बाबा रात्री बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड वाचलं पण त्यानंतर मला रात्रीची झोप अशी राहिलीच नाही, जरा कुठे खुट्ट झालं की उठून बसायचे. मग ठेवायचं ठरवलं. ते बरोबर का चूक यावर मी काही लिहिणार नाहीये, ज्यांच्या घरात हे चालू आहे त्यांना सगळं माहीत असतं.

पहिली जागा आम्ही चांदणी चौकाच्या पलीकडे घेतली, मुळशीच्या बाजूला. नाव लिहीत नाही. एका शनिवारी सकाळी अकरा वाजता आम्ही अपॉइंटमेंट घेऊन गेलो, चहा-बिस्किटं झाली, मॅनेजर मॅडमनी सगळं फिरवून दाखवलं, समोर छान लॉन, देवघर, फिजिओथेरपीची खोली, गेटजवळ स्वतःची अँब्युलन्स. आम्ही काय विचारलं तर जेवणात काय असतं, डॉक्टर कधी येतात, दिवाळीला काय करता. दादा व्हिडिओ कॉलवर होता, त्याला खोलीतून दिसणारे डोंगर आवडले. त्याच आठवड्यात डिपॉझिट भरलं.

आता मागे वळून बघितलं की कळतं, आम्ही जे बघितलं ते सगळं धडधाकट माणसाच्या उपयोगाचं होतं. मुळात पुण्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लोक एकाच नावाने हाक मारतात. एक म्हणजे अथश्रीसारख्या ज्येष्ठांसाठीच्या सोसायट्या, जिथे आपला फ्लॅट असतो, शेजार असतो, ग्रुप असतात आणि माणसं आपापली हिंडती-फिरती असतात. दुसरी म्हणजे जिथे कोणीतरी तुम्हाला उठवतं, आंघोळ घालतं, भरवतं, डायपर बदलतं. जाहिरातीत दोन्ही 'सीनियर लिव्हिंग'च. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा की आज चालतायत, उद्या अंथरुणाला खिळले तर इथेच राहता येईल का आणि तेव्हा त्यांचं कोण करणार? बऱ्याच ठिकाणी उत्तर असतं की मग तुम्ही बाहेरून अटेंडंट लावायचा, त्याचे पैसे वेगळे. त्यात चूक काही नाही, पण हे सही करायच्या आधी कळायला हवं, माणूस पडल्यावर नाही.

बाबा तिथे सात महिने होते. मला एका फेरीला ट्रॅफिकसकट तीन तास जायचे म्हणून मी पंधरा दिवसांतून एकदा जायचे, रविवारी, आधी फोन करून. गेले की बाबा स्वच्छ इस्त्रीच्या झब्ब्यात, व्हीलचेअरमध्ये, केस विंचरलेले. बोलायचे कमी, पण आजारात आवाज बसतोच म्हणून मी मनावर घेतलं नाही. सातव्या महिन्यात एकदा ऑफिसच्या कामाने त्याच बाजूला गेले होते, तर परत येताना बुधवारी दुपारी साडेतीनला न सांगता शिरले. बाबा पलंगावर उताणे होते, पाय सरळ. मी सहज पायाला हात लावला तर डाव्या टाचेपाशी मोजा ओलसर लागला. काढायला गेले तर तो चिकटलेला. थोडं पाणी लावून लावून सोडवला तेव्हा आत पाच रुपयाच्या नाण्याएवढा काळा डाग, कडेने लाल, आणि वास. बाबा काही बोलले नाहीत, नुसता माझा हात धरून ठेवला.

याला बेडसोअर म्हणतात आणि तो इतका काळा एका दिवसात होत नाही. एकाच जागी वजन पडून राहिलं की तिथलं रक्त थांबतं, कातडी आधी लाल होते, बोटाने दाबलं तरी तो लालपणा जात नाही, ती धोक्याची पहिली घंटा. माकडहाड, खुबे आणि टाचा या त्याच्या जागा. म्हणून ज्यांना स्वतःहून कुशीवर वळता येत नाही त्यांना साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं, आणि हवेची गादी, जिला सगळे अल्फा बेड म्हणतात, ती असली तरी टाचांसाठी पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी लागते. हे सगळं मला सर्जनने नंतर सांगितलं, ड्रेसिंग करता करता. ड्रेसिंग जवळजवळ तीन महिने चाललं. तिथल्या सिस्टरने विचारल्यावर सांगितलं की "काल तर नव्हतं ताई." रजिस्टर मागितलं तर त्यात रोज एकाच पेनाने, एकाच अक्षरात, दोन-दोन तासांनी वळवल्याच्या खुणा केलेल्या होत्या, सात महिने एकही चुकलेली नाही. त्या रजिस्टरने मला जखमेपेक्षा जास्त दुखावलं.

गोळ्यांचंही तेच. पार्किन्सन्सच्या गोळीला घड्याळ लागतं. बाबांना डॉक्टरांनी सिंडोपा जेवणाआधी अर्धा तास सांगितलेली, कारण जेवणातल्या प्रोटीनने ती नीट शोषली जात नाही, आणि तास-दीड तास उशीर झाला की बाबा लाकडासारखे होतात, चमचा तोंडापर्यंत जात नाही. तिथे सगळ्यांच्या गोळ्या एकाच ट्रेमधून नाश्त्यानंतर वाटायचे. मी इतके महिने समजत होते की आजार वाढतोय, वजन ६१ चं ५५ झालं तेही आजारानेच.

बाबांना घरी आणलं, दोन महिने रजा काढली आणि परत शोधायला लागले. यावेळी आठ जागा बघितल्या, एकटीनेच, फोन न करता. धायरी, वारजे, बावधन, तळेगावपर्यंत. आणि एक गोष्ट ठरवून टाकली होती, जी माणसं लॉबीत बसून आपल्याशी हसून बोलतात त्यांच्याकडे आधी जायचंच नाही. ज्याला बोलता येत नाही, ज्याला भेटायला कोणी येत नाही, असा तिथला माणूस शोधायचा आणि त्याच्याकडे बघायचं. तक्रार करू शकणाऱ्या माणसाचं सगळे नीटच करतात हो. जो बोलूच शकत नाही त्याची नखं कापलेली आहेत का, दाढी केलेली आहे का, कानामागे मळ आहे का, जिभेवर पांढरा थर आहे का, कवळी धुतलेली आहे का, हे बघितलं की दहा मिनिटांत कळतं. पाण्याचा ग्लास कुठे ठेवलाय तेही बघा. वयाबरोबर तहान लागणं कमी होतं, माणूस मागत नाही, आणि ग्लास हात पोचणार नाही अशा टेबलावर भरलेला असतो, सकाळचा तसाच. पाणी कमी पडलं की लघवीला इन्फेक्शन होऊ शकतं आणि म्हाताऱ्या माणसात ते ताप न येता नुसत्या भ्रमाने पण दिसू शकतं, एकदम असंबद्ध बोलायला लागतात आणि घरचे म्हणतात वयामुळे झालं.

वासाबद्दल सगळे सांगतात, पण सकाळी सहा-सातला कुठेही थोडा वास येणारच, ते गादी बदलायच्या आधीचं आहे. दुपारी तीनला येत असेल, आणि त्यावर फिनेलचा दणकून वास असेल, तर मी तिथून निघायचे.

प्रश्न पण बदलले. "इथे कोणी पडतं का?" असं विचारायचे. तीन ठिकाणी सांगितलं, "छे छे, आमच्याकडे कोणी पडतच नाही." ऐंशीच्या घरातली तीस माणसं आणि कोणी पडत नाही हे शक्यच नाही, एकतर लिहीत नाहीत किंवा उठूच देत नाहीत, बांधून ठेवतात. एके ठिकाणी सिस्टरने वही काढून दाखवली, गेल्या महिन्यात दोन जण, एक आजोबा पहाटे चारला संडासला जाताना, मग आम्ही त्यांच्या पलंगापासून दारापर्यंत लाल दिव्याची पट्टी लावली. मला ते उत्तर आवडलं. दुसरा प्रश्न, रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात आणि त्यांच्यात नर्स कोण, जीएनएम किंवा एएनएम, म्हणजे नर्सिंगचा कोर्स केलेली, आहे का सगळ्या मावश्याच? अँब्युलन्स असेल तर रात्रीचा ड्रायव्हर कुठे झोपतो? दर महिन्याला वजन करता का, ते दाखवा. महिन्यात पाच टक्के वजन उतरलं तर डॉक्टरला सांगायलाच हवं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो. आणि मावश्यांना एकटं गाठून विचारा, किती दिवस झाले इथे, सुट्टी मिळते का, पगार वेळेवर होतो का. बीड, नांदेड, यवतमाळकडून आलेल्या असतात, लेकरं गावाला ठेवून. जिला बारा तासांनंतर अजून बारा तास थांबवून घेतात ती कितीही मायाळू असली तरी रात्री तीनला उठून बाबांना कुशीवर कशी वळवणार?

कागदांबद्दल थोडंच. महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पांना नियम घातलेत, दार किमान ९०० मिलिमीटर रुंद, बाथरूममध्ये धरायला दांड्या, न घसरणाऱ्या फरशा, रॅम्प वगैरे. फ्लॅट घेणार असाल तर टेप घेऊन जा आणि दार खरंच मोजा, व्हीलचेअर अडकते तेव्हा फार जीव जातो. पण ते सगळं इमारतीचं झालं, घंटा वाजवल्यावर कोण येतं हे त्यातून कळत नाही. करारात डायपर, अटेंडंट, फिजिओ वेगळे का महिन्याच्या पैशात, हॉस्पिटलमध्ये असतानाच्या दिवसांचे पैसे लागतात का, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे शब्दात लिहून घ्या. आणि कुठेही छळ किंवा हेळसांड दिसली तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मला पहिल्या वेळी माहीतच नव्हती.

शेवटी जी जागा ठरली ती सिंहगड रोडच्या एका आतल्या गल्लीतला जुना दुमजली बंगला आहे. बावीस माणसं. लॉबी नाही, चपला काढून सरळ हॉलमध्ये. मी पहिल्यांदा गेले तेव्हा संध्याकाळचे साडेसहा, जेवणाची वेळ. कोपऱ्यातल्या पलंगावर एक आजी होत्या, स्ट्रोकनंतर वाचा गेलेली, एक बाजू लुळी. पलंगाची पाठ पूर्ण वर केलेली, आणि मावशी त्यांच्यासमोर स्टुलावर, आजींच्या डोळ्यांच्या उंचीला बसलेल्या. वाटीत कुस्करलेला वरणभात, चमचा अर्धाच भरलेला. एक घास दिला की मावशी थांबायच्या, आजींच्या गळ्याकडे बघायच्या, गिळलं का ते. मग पुढचा. मधेच म्हणाल्या, "आजी, आज शेपू केलाय बघा तिकडं, वास आला का? तुम्हाला नको ना? नको, नको, मला म्हाईतीय." आजींच्या तोंडाची एक बाजू हलली. मी दारात उभी राहून घड्याळ बघितलं, त्या एका वाटीला पस्तीस मिनिटं गेली आणि मावशींनी एकदाही मोबाईल काढला नाही की घाई केली नाही. झोपवून भराभर भरवलं की घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, हे मी तोवर शिकले होते, पण ते सोडा, त्या आजींना भेटायला कोणीच येत नाही हे मला नंतर कळलं.

मी दादाला फोन करून सांगितलं की इथेच. तो म्हणाला फोटो पाठव. मी म्हटलं फोटोत येण्यासारखं काही नाहीये रे.

आणखी एक, घरापासून स्कूटरवर वीस-पंचवीस मिनिटं. मी आता आठवड्यात तीनदा जाते, कधी सकाळी आठला ड्युटी बदलताना, कधी रात्री नऊला, आणि कोणी तोंड वाकडं करत नाही. कितीही सुंदर जागा असली आणि तुम्हाला तिथे जायला अर्धा दिवस लागत असेल तर काकू, नका घेऊ.

बाबांचं वजन आता ५८ आहे. सिंडोपाच्या वेळा पलंगाजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिल्यात. गेल्या मंगळवारी सकाळी पावणेसातला फोन वाजला, तिथला नंबर बघून माझ्या पोटात गोळाच आला. मावशी होत्या. "ताई, घाबरू नका. आबांची उजवी टाच जरा लाल दिसतीय, दाबलं तर जाईना लालपणा. रात्रीच पोटरीखाली उशी दिलीय, सिस्टरनी पण बघितलं. तुम्ही आज येताय ना, डोळ्यानं बघून घ्या."