तुम्ही विचारलंत म्हणून: राडारोड्यातले वाफे

पाडकामातल्या जुन्या विटा-फळ्यांचे मी केलेले भाजीचे वाफे बघायला आलेलं माणूस आधी कौतुक करतं आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतं, "पण काय हो, असल्या भंगार सामानात लावलेली भाजी खायची भीती नाही वाटत?" वाटते की! म्हणूनच तर जेवढं सामान घरी आणलंय त्याच्या तिप्पट जिथल्या तिथे ठेवून आलेय.

पाडकाम चालू दिसलं की मी मुकादमाला विचारून ढिगाऱ्यात शिरते आणि पहिल्या विटाच बघते. भाजलेली लाल वीट म्हणजे बिनघोर माल, फक्त चिकटलेला मसाला, म्हणजे विटा जोडणारा चुना किंवा सिमेंट, काढावा लागतो. आता त्यातही, काम चुन्यातलं असेल तर छिन्नीच्या दोन टोल्यांत मसाल्याचा पापुद्रा सुटून येतो आणि वीट अख्खी हातात मिळते, पण सिमेंटमधलं असेल तर मसाला जागचा हलत नाही, वीटच फुटते. त्यामुळे आधी नखाने खरवडून बघायचं, पांढरी भुकटी पडली की घमेलं पुढे करायचं. थोडाफार चुना-सिमेंट राहतोच विटेला, त्याने कडेची माती किंचित अल्कधर्मी होते, म्हणून आम्लधर्मी माती आवडणारी झाडं तेवढी मी कडेला लावत नाही. बाकीच्यांची काही तक्रार नाही.

लाकडाच्या बाबतीत मात्र मी खडूस आहे. रंगवलेली चौकट कितीही भक्कम असू दे, नाही म्हणजे नाही. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, आणि घासून काढू म्हणाल तर तीच धूळ आधी नाकात आणि मग मातीत. बाहेरच्या कामाचं हिरवट झाक असलेलं लाकूड पण नको, कीड लागू नये म्हणून त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं असू शकतं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर दिसायला काय देखणे असतात, पण उन्हात तापले की डांबरासारखा वास येतो ना, ते क्रिओसोट, लाकूड कुजू नये म्हणून मुरवलेलं विषारी तेल. शटरिंगचं, म्हणजे स्लॅब ओतताना साच्याला लावलेलं प्लाय तेल प्यालेलं असतं, तेही राहू दे. आणि जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे, त्यांना तर मी हातही लावत नाही, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि तुटक्या कडेतून त्याचे बारीक धागे हवेत उडतात. गंमत म्हणजे हेच पत्रे लोक सगळ्यात प्रेमाने देऊ करतात, "घेऊन जा हो, पडूनच आहेत!"

एवढी पारख आली कुठून, तर चुकून चुकून. माझा पहिला वाफा साध्या, बिनरंगाच्या फळ्यांचा, ८ फूट लांब, ४ फूट रुंद, फूटभर उंच. गुण्या लावून कोपरे काटकोनात, दोन्ही कर्ण मोजून सारखे, मी जाम खूश. पहिला दणकून पाऊस झाला आणि सकाळी बघते तर लांब बाजूला मधोमध पोट सुटलेलं, खिळे अर्धे बाहेर. नंतर हिशोब केला, ३२ घनफूट ओली माती म्हणजे जवळपास दीड टन, ती बाजूला ढकलणारच ना. आता दर ३ फुटांवर बाहेरून खुंटी ठोकते आणि समोरासमोरच्या फळ्या मातीखालून तारेने बांधते. (गच्चीवर करायचंय म्हणणाऱ्यांनी तो दीड टन परत एकदा वाचा आणि आधी इंजिनियरला विचारा.)

दुसरी चूक तळाची. सगळे सांगतात, खाली विटांचे तुकडे टाका, पाणी निघून जाईल. टाकले. उलट झालं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, माती पूर्ण भिजेपर्यंत तिथेच अडकून बसतं, आणि वर मुळांची सहा इंच जागा फुकट गेली ती वेगळीच. गाजरं आली अंगठ्याएवढी. आता तळ उघडा ठेवते, गवत वर येऊ नये म्हणून फक्त पुठ्ठा अंथरते, गांडुळं आपापली वर येतात.

रुंदी ४ फुटांच्या वर नको, कारण एका बाजूने हात दोन फुटांपर्यंतच पोचतो. एक वाफा मी फळ्या कापायचा कंटाळा करून ५ फुटी ठेवलाय, त्याच्या मधल्या पट्ट्यात तण सुखाने नांदतंय.

परवा ओळखीचं एकजण जुनं निळं दार देऊन गेलं. जाड फळ्या, पितळी बिजागऱ्या, रंग अजून धरलेला, बघत राहावं असं. वाफ्याला नाहीच लावणार. पण परत पण केलं नाहीये, प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागच्या भिंतीला टेकवून ठेवलंय, मातीपासून लांब.