तपासणी अहवालातील फोटोंवर खुणा करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातील फौंड्र्यांसाठी (ओतकामाच्या कारखान्यांसाठी) कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, तपासणी अहवाल लिहिताना एक मत माझ्या मनात पक्के झाले आहे. फोटो आणि त्यावर काढलेला बाण एकमेकांत कायमचे मिसळून टाकणारे सॉफ्टवेअर, मग ते वापरायला कितीही सोपे असो, अहवालाच्या कामाला घेऊ नये. फोटो हा पुरावा असतो, बाण हे आपले म्हणणे असते, आणि म्हणणे पुढे बदलू शकते.

ते कसे बदलते हे फौंड्रीशी संबंध असलेल्यांना सांगायला नको. कास्टिंग येथून निघताना वरून स्वच्छ दिसते. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या मशीन शॉपमध्ये त्यावरून टूल फिरले की कातडीखालचे भोक उघडे पडते आणि फोटो येतो. पहिल्या नजरेला ते ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या वायूचे भोक, वाटते, म्हणून आपण बाण काढून तसे लिहितो. नंतर तो भाग कापून पाहिला की भोकाच्या आतल्या भिंती गुळगुळीत नसून खडबडीत, कणीदार निघतात, म्हणजे प्रकरण वायूचे नसून श्रिंकेजचे, म्हणजे धातू थिजताना आकसल्याचे असते, आणि मग साच्याच्या वाळूतील ओलाव्याऐवजी रायझरकडे (आकसणाऱ्या धातूला भर पुरवणाऱ्या साच्यातील साठ्याकडे) बोट दाखवावे लागते. अशा वेळी अहवालाची सुधारित प्रत काढताना बाण सरकवणे, मजकूर बदलणे आणि खाली अस्पर्श मूळ फोटो शाबूत असणे या तिन्ही गोष्टी लागतात. पेंटमध्ये बाण काढून फाइल जेपेग म्हणून त्याच नावाने सेव्ह केली, की बाणाखालचे पिक्सेल गेले ते गेलेच.

जेपेगचा आणखी एक त्रास आहे. ही पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून माहिती कमी करते आणि बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा निम्म्या बारकाईने साठवते. करड्या लोखंडाच्या फोटोवर बारीक लाल रेघ काढून तो जेपेगमध्ये सेव्ह केला की रेघेच्या कडा मळकट होतात आणि भोवती धुरकट ठिपके उठतात. ज्या फोटोत भोकाच्या कडेचा पोत पाहूनच निदान करायचे, त्यातच हे ठिपके आले तर वाचणाऱ्याने काय समजायचे? म्हणून खुणा केलेली प्रत पीएनजीमध्ये काढावी, त्यात माहिती गाळली जात नाही. फाइल मोठी होते, ती होऊ द्यावी.

सॉफ्टवेअर पारखताना मी सर्वांत आधी रेघेची जाडी पाहतो, कारण बहुतेक अहवाल तिथेच फसतात. फोनचा फोटो साधारण ४००० पिक्सेल रुंद असतो आणि ए-४ कागदावर तो १६ सेंटिमीटरमध्ये बसतो, म्हणजे एका सेंटिमीटरला २५० पिक्सेल झाले. पडद्यावर मोठा करून पाहताना ठसठशीत वाटलेली ३ पिक्सेलची रेघ कागदावर ०.१२ मिलिमीटरची होते, आणि कारखान्यातील प्रिंटरचा टोनर संपत आला असेल तर ती दिसतही नाही. अशा फोटोवर रेघ किमान २० पिक्सेलची हवी आणि तिला पांढरी किनार हवी. अहवालाची कृष्णधवल प्रत निघतेच, आणि त्या प्रतीत लाल बाण आणि करडे लोखंड एकाच छटेचे दिसतात. ही किनार आपोआप देता येते का, की प्रत्येक बाण दोनदा काढावा लागतो, एवढ्या एका प्रश्नावर निम्मी सॉफ्टवेअर बाद होतात.

वर्डमध्येच फोटोवर बाण काढणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे आणि तत्त्वतः त्यात चूक काही नाही, कारण तिथे बाण फोटोपासून वेगळा राहतो. अडचण अशी की तो परिच्छेदाला बांधलेला असतो. वर दोन ओळी वाढल्या की फोटो एका पानावर आणि बाण दुसऱ्याच ठिकाणी अशी गत होते. आधी ड्रॉइंग कॅन्व्हास (चित्रे एकत्र धरून ठेवणारी वर्डमधली चौकट) घालून फोटो आणि बाण दोन्ही त्यात ठेवले तर हे टळते. त्याचबरोबर फाइल सेव्ह करताना फोटो लहान न करण्याची खूण ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये करून ठेवावी, नाहीतर अनेक आवृत्त्यांमध्ये फोटो न विचारता २२० पीपीआयवर (इंचाला २२० पिक्सेलवर) आणला जातो.

आता आमच्या भागातली खरी अडचण सांगतो. अहवाल ग्राहकासाठी इंग्रजीत जातो, पण त्यातलाच फोटो मोल्डिंग लाइनजवळच्या (साचे तयार होतात तिथल्या) फळ्यावर लागतो, आणि तिथे काम करणाऱ्यांपैकी कोणी खानापूर-चंदगडकडचे मराठी बोलणारे, तर कोणी बैलहोंगलकडचे कन्नड बोलणारे असतात. फोटोवरच ‘गॅस पोरॉसिटी’ असे इंग्रजीत लिहिले तर ते दोघांनाही उपयोगाचे नाही. मराठी किंवा कन्नड लिहायला गेले तर काही सॉफ्टवेअर जोडाक्षरे फोडून ठेवतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्येदेखील भारतीय लिप्यांसाठी टाइपची वेगळी सेटिंग निवडावी लागत असे. फलक कोणत्या लिपीत लावावा यावरून आमच्या शहरात काय काय घडते ते वाचकांना ठाऊक आहेच, त्यामुळे निदान कास्टिंगच्या फोटोवर तरी मी अक्षर ठेवत नाही. फोटोवर फक्त बाण आणि वर्तुळातील इंग्रजी अंक, आणि अंकांचा खुलासा फोटोखालच्या तक्त्यात. भाषा बदलायची तर तक्ता बदलतो, फोटो तोच राहतो. बाणाचे टोकही दोषाच्या कडेला टेकलेले हवे. साचे करणारे एक जुने मामा फळ्यापुढे उभे राहून मला म्हणाले होते, “साहेब, बाण भोकाला लावलायसा का त्याच्या सावलीला?” तिरप्या उजेडात काढलेल्या फोटोत हा प्रश्न अगदी रास्त असतो.

एकदा हे ठरले की निवड सोपी होते. विंडोजवर ग्रीनशॉट हे मोफत सॉफ्टवेअर रोजच्या कामाला पुरेसे आहे. त्यात क्लिक केल्यावर पुढचा अंक आपोआप पडणारे साधन आहे, आणि त्याच्या स्वतःच्या स्वरूपात फाइल सेव्ह केली तर बाण नंतर हलवता येतात. स्नॅगइटमध्ये हेच काम जास्त सफाईने होते, पण त्याला पैसे पडतात, आणि लहान फौंड्रीच्या क्वालिटी विभागाने तेवढ्यासाठी खर्च करावा असे मला वाटत नाही. गिंप हे उत्तम सॉफ्टवेअर आहे, परंतु फोटो सुधारण्यासाठी. त्यात बाण काढण्याचे सरळ साधनच नाही, त्यामुळे या कामासाठी त्याची शिफारस करणाऱ्यांनी अहवाल कितपत लिहिले असतील याची शंका येते.

ग्राहकाला जाणाऱ्या अंतिम अहवालासाठी मी इंकस्केप वापरतो. त्यात फोटो एका थरावर कुलूपबंद ठेवता येतो, खुणा दुसऱ्या थरावर राहतात, आणि फाइल एसव्हीजी म्हणजे मुळात साध्या मजकुराची असल्याने काही वर्षांनी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडता येते. फोटो आत घेताना तो फाइलमध्येच समाविष्ट करायचा की बाहेरच्या फाइलशी जोडायचा असे विचारले जाते. तिथे समाविष्ट करणे निवडावे, कारण नुसता जोडलेला फोटो फोल्डर हलवला की गायब होतो.

सूक्ष्मदर्शकाखालील फोटोंचा प्रश्न वेगळा आहे. लोखंडातील ग्रॅफाइटच्या कणांच्या फोटोखाली ‘१०० पट’ असे लिहिलेले असते, पण तो फोटो पानावर बसवण्यासाठी कोपरा धरून लहान केला की ते लगेच खोटे ठरते. फोटोतच मापपट्टी असेल तर ती फोटोबरोबर लहान-मोठी होते आणि खरीच राहते. यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेले इमेजजे मोफत मिळते. स्टेज मायक्रोमीटरच्या (सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या बारीक मोजपट्टीच्या) फोटोवर माप ठरवून द्यायचे, मग त्याच लेन्सने काढलेल्या पुढच्या फोटोंवर मापपट्टी टाकता येते, आणि टिफमध्ये सेव्ह केल्यास मापही फाइलसोबत राहते.

सॉफ्टवेअरच्या आधीची एक गोष्ट राहिली. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेल्या चित्राचा आकार घटलेला असतो आणि तारीख-वेळेची मूळ नोंद निघून गेलेली असते, म्हणून मशीन शॉपला तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. ब्राउझरमध्ये फोटो चढवून खुणा करून देणाऱ्या मोफत संकेतस्थळांचा मोह आवरावा, कारण फोटोत कडेला ग्राहकाचे ड्रॉइंग किंवा पार्ट नंबर दिसत असेल तर तो आपण परक्याच्या सर्व्हरवर ठेवत असतो. मूळ फोटो हीट नंबरच्या (धातूच्या एका वितळणीच्या क्रमांकाच्या) नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून तो ‘रीड ओन्ली’ करावा, आणि पांढऱ्या किनारीचे बाण व अंकांची वर्तुळे आधीच काढून ठेवलेली एक इंकस्केप फाइल विभागात सर्वांना द्यावी, म्हणजे नव्याने आलेल्या डिप्लोमाच्या मुलालाही फक्त फोटो घालून बाण ओढायचे काम उरते.