जुनी हार्डटेल १×१० वर: काळी माती, वाकडा हँगर आणि चढावरची कटकट

तर माझी डोंगरी सायकल आता १×१० वर, म्हणजे समोर एकच चक्र आणि मागे दहा, चालून राहिली आणि खरंच मस्त चालून राहिली. फ्रेम तीच जुनी २७.५ इंची चाकाची ॲल्युमिनियम हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली), समोर तोच १०० एमएमचा कॉइल (स्प्रिंगवाला) फोर्क, फक्त तीन चेनरिंगची (समोरच्या दातेरी चक्रांची) क्रँक, फ्रंट डिरेलर (चेन एका रिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग), डावा शिफ्टर आणि त्याची केबल एवढं सगळं निघालं.

हे काहून केलं ते आधी सांगतो, कारण वजन कमी करायला म्हणून लोकं १× करतात, माझ्यासाठी मुख्य कारण आपली काळी माती आहे. ज्यांनी जुलैमध्ये नागपुरात गोरेवाड्याच्या पलीकडे किंवा काटोल रोडच्या बाजूच्या पांदणींवर सायकल घातली आहे त्यांना हे सांगायलाच नको. पाणी लागलं की ही माती फुगते, टायरला चिकटते, टायरवरून फोर्कच्या क्राऊनमध्ये, मग चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या दोन नळ्यांच्या) मधल्या फटीत, आणि तिथेच फ्रंट डिरेलरचा पिंजरा बसलेला, तो भरला की मधल्या रिंगवरून चेन हलतच नाही आणि आपण बाभळीच्या काडीने माती कोरत उभे. बेसाल्टचा पट्टा नागपूरच्या आसपासच संपतो, रामटेककडे गेलं की मातीचा रंग आणि स्वभाव दोन्ही बदलतात, तिकडे पावसातही बऱ्यापैकी चालवता येतं. पण माझं रोजचं चालवणं पश्चिमेकडचं, म्हणून त्या फटीत जेवढं कमी सामान तेवढं बरं. याच कारणाने मागचा टायरही २.२५ऐवजी २.१ इंच रुंदीचा ठेवला, ग्रिप थोडी जाते पण चाक फिरत राहतं.

गिअरचा हिशोब. आधी समोर ४२-३४-२४ दातांच्या रिंगा आणि मागे ८ स्पीड, ११ ते ३४ दात, म्हणजे सर्वात हलका गिअर (समोरचे दात भागिले मागचे) ०.७१. आता समोर ३२ आणि मागे ११-४६, हलका गिअर ०.७०, म्हणजे चढावर काहीच गेलं नाही. वरचा गिअर ३.८ वरून २.९ वर आला, ९० केडन्सला (मिनिटाला पेडलचे ९० फेरे) साधारण ३४चा स्पीड मिळतो, त्यापुढे पाय नुसते फिरतात. अमरावती रोडवर ग्रुपसोबत लांब जायचं असेल तर ते जाणवेल, ट्रेलवर मला एकदाही जाणवलं नाही.

आणि एक चांगली गोष्ट, जुना हब बदलावा लागला नाही. शिमानोची ८, ९, १० स्पीडची एचजी फ्रीहब बॉडी (हबचा तो भाग ज्यावर मागची चक्रं बसतात) एकच, त्यामुळे ११-४६ कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) सरळ बसली. पण आधी आपल्या चाकावर कॅसेटच आहे ना ते पाहा, स्वस्त गाड्यांमध्ये आट्यांवर चढवलेलं फ्रीव्हील असतं, मग हबपासून सगळं बदलावं लागतं आणि खर्च दुप्पट होतो. मागचा डिरेलर शिमानोचा डिओर एम५१२० घेतला, मुद्दाम क्लचवाला, म्हणजे चेन ताणून धरणारा. नॅरो-वाइड चेनरिंग (एक दात जाड, एक बारीक) आणि क्लच दोन्ही असले तर फ्रंट डिरेलर नसतानाही दगडांवर चेन उडत नाही. २०१२ साली स्रॅमने एक्सएक्सवनमध्ये ही एक दात जाड एक दात बारीकवाली रिंग आणली तेव्हा ती फार महाग होती, आज साध्या बजेटमध्ये मिळते याचा मला मनापासून आनंद आहे.

क्रँक शिमानोची हॉलोटेकवाली घेतली, कारण जुन्या क्रँकच्या रिंगा रिव्हेट केलेल्या होत्या, एक काढून दुसरी लावायची सोयच नाही. बॉटम ब्रॅकेट (क्रँक ज्यावर फिरते ते बेअरिंग) काढताना लक्षात ठेवा, उजव्या बाजूचा कप उलट्या आट्याचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. नवे कप कसताना ३५ ते ५० न्यूटन-मीटर, डाव्या आर्मचे दोन बोल्ट १२ ते १४, दोन्ही आलटून पालटून.

आता खरा वेळ कुठे गेला ते सांगतो. सगळं नवीन लावलं, केबल नवी, आऊटर नवा, डिरेलरचे लिमिट स्क्रू बरोबर, बी-स्क्रू बरोबर, तरी मागच्या मधल्या तीन कॉगवर (चक्रांवर) चेन खडखड करायची, बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलणारा स्क्रू) एका बाजूला फिरवला की वरचे गिअर बिघडायचे, दुसऱ्या बाजूला फिरवला की खालचे. असं झालं की इंडेक्सिंगशी (केबलच्या ताणाच्या जुळणीशी) खेळणं थांबवायचं आणि हँगर, म्हणजे मागचा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो फ्रेमचा छोटा तुकडा, पाहायचा. तुम्ही म्हणाल जुन्या ८ स्पीडवर तर हाच हँगर चालत होता ना? चालत होता, कारण ८ स्पीडमध्ये दोन कॉगमधलं अंतर ४.८ एमएम, १० स्पीडमध्ये ३.९५. जेवढा वाकडेपणा आधी पचून जायचा तेवढा आता पचत नाही. अपग्रेड केल्यावर गिअर बिघडले असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला पहिला संशय हँगरचाच येतो.

हँगर किती वाकला ते मोजायचं गेज माझ्याकडे नाही. पण हँगरचे आटे १० एमएम जाडीचे, १ एमएम पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) असतात आणि बऱ्याच गिअरच्या सायकलींच्या मागच्या ॲक्सलचे पण तेच. इतवारीत एक काका आहेत, सायकल दुरुस्तीचं जुनं दुकान, त्यांच्याकडून असं एक मागचं चाक मागून आणलं. काका म्हणाले, "घेऊन जा, पण साध्या काळ्या सायकलचं चाक घेऊ नको, त्याचे आटे इंचाचे, तुझ्या हँगरचे आटे खाऊन टाकेल." हे फार महत्त्वाचं आहे, ॲक्सल हाताने सहज आत जात असेल तरच पुढे जा. ॲक्सल हँगरमध्ये फिरवून घट्ट केला की दोन चाकं शेजारी शेजारी उभी राहतात, मग स्केल घेऊन दोन रिममधलं अंतर वर, खाली, पुढे, मागे मोजायचं. माझं वर आणि खाली ११ एमएमचा फरक होता. चार एमएमच्या आत आला तर ठीक मानतात. दुसरं चाकच हँडलसारखं धरून हळूहळू सरळ केला, एकदम जोर लावला तर ॲल्युमिनियम तुटतं, आणि पुन्हा पुन्हा इकडे तिकडे वाकवायचं नाही. दोन एमएमवर आणून सोडला. त्यानंतर शिफ्टिंग असं झालं की विश्वास बसेना.

मग सुरू झाली कटकट, म्हणजे कट् कट् आवाज. सेमिनरी हिल्सच्या चढावर, फक्त जोर लावला की, प्रत्येक फेरीला एकदा. पेडल न मारता सोडलं की शांत. सीटवरून उठून मारलं तरी आवाज, म्हणजे सीटपोस्ट आणि सॅडल संशयातून सुटले. उजव्या पायाने एकट्याने मारलं तरी, डाव्याने तरी, म्हणून पेडल पण संशयातून सुटले. चेनरिंगचे बोल्ट काढून ग्रीस लावून कसले, फरक नाही. बहुतेक जण इथे बॉटम ब्रॅकेट बदलतात आणि पैसे घालवतात, फ्रेममधून आवाज असा फिरतो की पायाखालूनच येऊन राहिला असं वाटतं. मी मागचं चाक काढलं, हँगरचा बोल्ट तपासला तर अर्धा फेरा ढिला. सरळ करताना जो जोर पडला त्याने थोडा सैल झाला असणार, आणि हँगर आणि फ्रेमच्या मध्ये आपली बारीक धूळ बसलेली. हँगर पूर्ण बाहेर काढला, दोन्ही पृष्ठभाग पुसले, ग्रीसचा पातळ थर, बोल्टला निळं थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा गोंद), ड्रॉपआऊट (फ्रेममधली ॲक्सलची खाच) आणि चाक कसणाऱ्या क्विक रिलीजचे दात पण साफ. आवाज गेला तो गेलाच. ज्यांनी हँगर सरळ करून घेतला त्यांनी लगेच बोल्ट तपासा ही माझी आग्रहाची विनंती.

फोर्कबद्दल विशेष काही नाही. स्टिअरर (फोर्कची वरची नळी) सरळ २८.६ एमएमचा आहे, त्या मापात चांगला एअर फोर्क सापडला तर पाहू, सध्या कॉइलवर समाधानी.

पुढचं काम ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबऐवजी आत भोक बुजवणारं सीलंट. फुटाळ्याच्या मागच्या बाजूला असो की हिंगण्याकडे, गोखरू आणि बाभळीचे काटे ट्यूबला जगू देत नाहीत, त्यामुळे सीलंट पाहिजेच. माझे रिम ट्यूबलेसचे नाहीत, टेप आणि व्हॉल्व लावून प्रयत्न करायचा विचार आहे, पण टायरची कड (बीड) रिमवरून सुटणार तर नाही ना ही काळजी आहे आणि आपल्या मे महिन्यात ४५च्या उन्हात सीलंट लवकर वाळतं. विदर्भात साध्या रिमवर कोणी ट्यूबलेस चालवत असेल तर टेपचे किती थर दिले, मागे प्रेशर किती ठेवता आणि उन्हाळ्यात सीलंट किती दिवसांनी टाकता तेवढं नक्की सांगा, त्यावरूनच मी टेप मागवणार आहे.